कळशीवरचा हात

पाणी घालणाऱ्यांनीच मारलं. उगाच दुसऱ्या कुणाला बोल लावू नका.

कोंडसरीत नव्यानं आलेल्या माणसाला भिवाबुवा गुरव पहिल्यांदा हेच ऐकवतात, आणि ऐकवताना त्या माणसाकडे बघत नाहीत. त्यांची नजर असते खालच्या विहिरीवरून वर येणाऱ्या पाखाडीवर. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ही वाट गुरवांच्या परड्याला घासून वाडीत शिरते. तिथंच, फणसाच्या सावलीत, वाटेपासून हातभर आत एक वाफा आहे. दोन हात लांब, दोन हात रुंद. चारी बाजूंनी जांभ्याचे तुकडे रचलेले आणि मधोमध एक बांबूची काठी. वाफ्यात काहीही नाही. गवताची काडी उगवली तर ती बोटांनी उपटतात, कुदळ लावत नाहीत. फणसाची पानं पडतात, ती कुणी झाडत नाही. पाणी कुणी घालत नाही. गावात त्याला मुका वाफा म्हणतात.

वैशाखात कॉलेजची मुलंमुली येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून. भुईचाफा कुठं बघायला मिळेल, असं विचारतात. भिवाबुवा वाफ्याकडे बोट दाखवतात. मुलं वाकून बघतात, काठी बघतात, एकमेकांकडे बघतात.

"इथं तर काहीच नाही, बुवा."

"नाहीच आहे," बुवा म्हणतात. "बसा."

मग ते सांगतात ते असं.

ही गोष्ट खोतांच्या काळातली. गावाच्या डोक्यावर आज जो उघडाबोडका कातळाचा सडा दिसतो, वैशाखात ज्याच्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, तिथं निनाई देवीची राई होती असं सांगतात. किंजळ, ऐन, सातवीण, जांभूळ. दोन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या गारंबीच्या वेली. भर दुपारी आत शिरलं की घाम अंगावरच गार पडायचा म्हणे. राईच्या पोटातून एक झरा निघायचा आणि खालच्या विहिरीला त्याचंच पाणी असायचं. राईत कोयता न्यायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा नेम होता. आणि गावाचा कुठलाही मोठा निर्णय निनाईच्या कौलाशिवाय व्हायचा नाही, असाही नेम होता.

कौल लावायचा तो भुईचाफ्याच्या पाकळ्यांनी. दुसरं फूल चालत नसे. वैशाखी पुनवेला, वर्षातून एकदा, ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला उजवी-डावीकडे चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी आधी पडली तर नकार. त्यापुढे खोतही बोलत नसे.

फूल आणायचं काम गुरवांच्या घरचं. म्हाताऱ्या धाकू गुरवाची नजर गेली तेव्हा ते काम त्याच्या सुनेकडे आलं. तिचं नाव आवडी. नवरा वर्षातले आठ महिने खोताच्या वेठीला, बंदरावर तुळया वाहायला. घरात ती आणि सासरा, दोघंच.

आवडीला माणसांशी बोलायची फार घाई असे, असं सांगतात. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही. पण मातीशी वागताना तिच्यासारखं सबुरीचं माणूस गावात दुसरं नव्हतं. भुईचाफ्याची रीत उलटी असते. आधी फूल, मग पान. वैशाखात कोरडी भुई तडकते आणि तडकेतून, देठाबिठाशिवाय, फूल थेट मातीवर उमलतं. पांढऱ्या लांब पाकळ्या, मधे जांभळी जीभ, आणि वास असा की फूल दिसायच्या आधी वासच सापडतो. दुसऱ्या दिवशी ते मलूल. पाऊस लागला की पानं येतात, आणि फसगत होते ती तिथंच. पान दिसतं हळदीसारखं. रानात चवर असतो, रानहळद असते, सगळी एका अंगाची भावंडं. वाडीच्या मुली आवडीबरोबर राईत जायच्या आणि भलत्याच पानापाशी थांबून ओरडायच्या, "हे बघ गो, सापडलं!"

"पालथं घाल," आवडी म्हणायची. "पान पालथं घालून बघ. खाली जांभळं आहे?"

"हिरवंच आहे."

"मग कशाला बोंब मारतेस? तोंड बघून कुणाची ओळख पटते का? पाठ बघायची."

एका वर्षी बंदरावर मोठी गलबतं बांधायचं निघालं. दाजीबा खोतानं पुनवेला कौल मागितला, राई तोडू का म्हणून. धाकू गुरवानं पाकळ्या लावल्या. डावी पाकळी पडली, आणि ती पाषाणावरून ओघळून थेट खोताच्या पायाशी आली म्हणे.

खोतानं हात जोडले. "देवीचा शब्द मी मोडणार नाही," तो म्हणाला. "पुढच्या पुनवेला पुन्हा विचारीन. फूल आहे तोवर विचारत राहीन."

गाव सुटकेचा श्वास टाकून घरी गेला. आवडी मात्र तिथंच उभी राहिली. फूल आहे तोवर, हे शब्द तिच्या कानातून जाईनात.

आठवड्याभरात खोताच्या माणसांनी राईच्या मावळतीकडची झाडं पाडली. ती राईच्या हद्दीबाहेरची, खोताच्या मालकीची. कुणाला बोलायला जागाच नव्हती. पण दुपारनंतरचं ऊन राईत शिरू देत नव्हती ती तीच झाडं. पाऊस लागला, आणि श्रावण सरताना आवडी राईत गेली, तर जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं तिथं गवत गुडघाभर वाढलेलं. उन्हामागून गवत आलं होतं आणि गवतानं भुईचाफा खाल्ला होता. जी पानं उरली होती त्यांच्या कडा श्रावणातल्या उघडिपीत करपून गेल्या होत्या. तिनं एकेक पान पालथं घालत सगळी राई पालथी घातली. जांभळ्या पाठीची नऊ रोपं निघाली. पूर्वी तिथं पाय ठेवायला जागा नसे.

ती घरी आली ती टोपली आणि खुरपं न्यायला.

"राईतलं काही बाहेर काढायचं नाही," धाकू म्हणाला.

"राईच बाहेर जाणार आहे, मामंजी. मुळासकट."

"देवी कोपली म्हणजे?"

"नऊ आहेत. गवतात ठेवली तर पुढच्या वैशाखात एकही नसेल. मग खोत काय म्हणेल ते तुम्हीच सांगा."

धाकू म्हणाला, "मातीही राईचीच आण. रोप राईचं, माती राईची, मग फूल राईचं नाही असं कुणाच्यानं म्हणवणार नाही."

आवडीनं नऊ खेपा केल्या. दर खेपेला एक रोप, भोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट. मुळाशी अंगठ्याएवढा कंद आणि त्याला दोऱ्यांनी लोंबणाऱ्या बोराएवढ्या गाठी. एक दोराही तुटू दिला नाही म्हणे. परड्यात जागा निवडायला तिनं तीन दिवस घेतले. सकाळचं कोवळं ऊन लागेल पण दुपारचं लागणार नाही, पाणी पडेल पण साचणार नाही, अशी जागा हवी होती. ती फणसाखाली सापडली, पाखाडीला लागून, उतारावर. तिथं तिनं राईची माती पसरली, वर कुजलेला पाला घातला. साळिंदर कंद उकरतं म्हणून तीन बाजूंनी करवंदीचे काटे लावले. वाटेकडची बाजू नुसते दगड रचून मोकळी ठेवली. माणसांच्या वाटेवर साळिंदर यायचं नाही, असा तिचा हिशेब होता.

भादव्यात नऊही रोपांनी नवी पानं टाकली. बायका विहिरीवरून येताजाता थांबून बघू लागल्या. पान पालथं घालायला आता सगळ्याच शिकल्या. वाडीत सतरा घरं होती, आणि राई गेली तर झरा जाणार, झरा गेला तर विहीर जाणार, हे सतराही घरांना कळत होतं. सगळ्यांचं पाणी त्या दोन हात जागेत येऊन बसलं होतं.

दसरा झाला. पानं पिवळी पडली. कार्तिकात ती जमिनीला टेकली, आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत वाफ्यात माती तेवढी राहिली. आवडीनं मधोमध काठी रोवली, कुणाचा पाय पडू नये म्हणून.

"काय गो आवडे," विहिरीवर एकीनं टोमणा मारला, "काठीला पानं फुटायची वाट बघतेस होय?"

"काठीला नाही. काठीखाली."

"मेलं नाही ना गो ते? चूळभर पाणी तरी घाल."

"थेंब नको!" आवडी कडाडली. "पान गेलं की त्याची झोप लागते. वैशाखापर्यंत झोपतं. कोरडं झोपतं. राईत कोण गेलं होतं पाणी घालायला? झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर काय होईल?"

"जागा होईल!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

"गुदमरेल," आवडी म्हणाली. ती हसली नाही.

ठकूआजी म्हणून एक सुईण होती, वाडीतलं निम्मं माणूस तिच्या हातावर आलेलं. ती कळशी भरता भरता पुटपुटली, "पोटातलं लेकरू दिसत नाही म्हणून आईला उपाशी ठेवतं का गो कुणी?" आवडीनं ते ऐकलं. पण तिला घाई होती. म्हातारीशी कोण वाद घालणार, म्हणून ती कळशी उचलून चालू लागली. आयुष्यात कुणाचं एक वाक्य पुरं ऐकून त्याला पुरं उत्तर द्यायला हवं होतं तर ते हे, असं ती पुढं म्हातारपणी म्हणे.

माघ गेला. फाल्गुनात भुईला भेगा पडल्या. दुर्वा जळाल्या, परड्यातल्या अळूनं माना टाकल्या. होळीच्या सुमारास आवडी एक दिवस वाफ्यापाशी वाकली, तर तिथली माती काळीशार दिसली. भोवतालची सगळी भुई फुफाट्यासारखी पांढरी आणि वाफा मात्र गार, काळा. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. झोपलेल्याला ढोसायचं नाही, असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं.

"मामंजी," ती घरात जाऊन म्हणाली, "निनाईनं गारवा धरलाय वाफ्यावर."

धाकूनं जागच्या जागी हात जोडले. त्या दिवशी तिनं देवीपुढं साखर ठेवली.

ही चूक आवडीची, असं भिवाबुवा इथं थांबून सांगतात. पानाची पाठ बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या बाईनं मातीची पाठ बघितली नाही.

चैत्र गेला. वैशाखाची तीज आली. राईत असताना याच सुमारास पहिली भुई तडकायची. वाफा तडकला नाही. दशमी आली, एकादशी आली. आवडीचं जेवण सुटलं. येणारीजाणारी प्रत्येक बाई वाटेवर थांबे, आत बघे आणि काही न बोलता पुढं जाई. कुणी नजर देत नसे. आवडीला वाटलं, आपली कीव करतात.

पुनवेच्या दिवशी पहाट फटफटताना तिनं खुरपं घेतलं आणि वाफा उकरला.

खुरपं लागायच्या आधी वास आला. कांद्याची चाळ कुजल्यावर येतो तसा. तिनं खुरपं टाकलं आणि हातानं माती काढू लागली. भर वैशाखात तिचे हात कोपरापर्यंत चिखलात गेले. पहिला कंद बोटांत आला आणि बोटांतच विरघळला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. दोऱ्यांना लोंबणाऱ्या गाठींची नुसती सालं उरली होती, आत पाणी. वाटेकडच्या अंगाला चिखल जास्त होता, काट्यांच्या अंगाला कमी. तिनं मान वळवून वाटेकडच्या दगडांकडे पाहिलं. दगडांवर सुकलेल्या ओघळांच्या पांढऱ्या रेघा होत्या. एकावर एक, एकावर एक, किती ते मोजता येऊ नयेत इतक्या.

काट्याच्या कडेला, सगळ्यात शेवटी, तिला एक गाठ लागली. बोराच्या बीएवढी. ती टणक होती, की नुसती टणक वाटली, कोण जाणे. तिनं ती तिथंच ठेवली, राईची कोरडी माती शोधून वर घातली, काठी पुन्हा रोवली आणि चिखलाच्या हातांनी तशीच विहिरीवर गेली.

विहिरीवर सगळ्या होत्या. पुनवेचं पाणी भरायची गडबड चालली होती. आवडीनं हात पुढं केले.

"कुणी घातलं पाणी?"

रहाट थांबला. प्रत्येकीनं शेजारणीकडे बघितलं.

"मी विचारते, कुणी घातलं?"

"एका ओंजळीनं काय होतंय गो," गर्दीतून कुणाचा तरी आवाज आला. कुणाचा तो शेवटपर्यंत कळलं नाही.

एका ओंजळीनं काही होत नाही, हे खरंच होतं. आवडी तिथं उभ्या उभ्या सतरा घरं, दिवसाच्या दोन खेपा आणि माघापासूनचे चार महिने यांचं गणित मनात करत राहिली. कुणी दुष्टावा केला नव्हता. प्रत्येकीला वाटलं होतं की बाकी सगळ्या आवडीचं ऐकून गप्प बसल्यात आणि आपण एकटीच त्या लेकराला जगवतोय.

दुपारी कौलाला गाव जमला. दाजीबा खोत पाटावर बसला. धाकू गुरव पुढं झाला, आणि त्याच्या ओंजळीत फूल होतं.

आवडी मागं बायकांत उभी होती. क्षणभर तिला ते भुईचाफ्याचंच वाटलं, मग तिनं ओळखलं. वळवाची एक सर आधीच पडून गेली होती आणि त्या सरीनं रानहळदीला चार दिवस अगोदर फूल आलं होतं. म्हाताऱ्यानं चाचपडत जाऊन ते आणलं होतं, वरचा गुलाबी तुरा खुडून टाकला होता, देठ तोडला होता. नजर नसलेल्या माणसानं नजर असलेल्या सगळ्यांना फसवायचं ठरवलं होतं. भलत्या पानासाठी पोरींच्या हातावर चापट मारणारी आवडी तोंड मिटून उभी राहिली. तिनं मनात देवीला म्हटलं, एवढं एकदा पालथं घालून बघू नकोस.

देवीनं बघितलं की नाही, कोण जाणे. खोतानं हात पुढं केला, फूल घेतलं, आणि नाकाशी नेलं.

"धाकू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिडका नव्हता म्हणे, उलट मऊच होता. "माझ्या आईनं मला कडेवर घेऊन राईत भुईचाफा हुंगवलाय. ह्याला वास नाही."

त्यानं फूल म्हाताऱ्याच्या हातात परत दिलं आणि वरून त्याची मूठ मिटवली.

"फूल नाही तर कौल नाही. देवी हो म्हणाली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाली नाही. आता मला अडवणारं कोण आहे, सांगा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच राईत कुऱ्हाडी लागल्या.

विहिरीवर तो आवाज स्पष्ट येत होता. बायका नेहमीसारख्या पाण्याला आल्या होत्या, कारण पाणी तर भरायलाच हवं. आवडीनं आपली कळशी भरली, कमरेवर घेतली आणि पाखाडी चढू लागली. पायऱ्या उंचसखल, काठोकाठ भरलेली कळशी दर पावलाला हिंदकळते, चार थेंब सांडतातच. वाफ्यापाशी आल्यावर तिला ती गाठ आठवली, बोराच्या बीएवढी. तिनं मोकळा हात उचलला आणि कळशीच्या तोंडावर तळवा दाबून धरला. वाफा मागं पडेपर्यंत तसाच धरला.

चार पायऱ्या वर गेल्यावर तिला वाटलं, मागं फार शांत झालंय. तिनं वळून पाहिलं.

मागं ठकूआजी होती. वाफ्यापाशी आलेली, आणि तिचा सुरकुतलेला हात कळशीच्या तोंडावर. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी. पाखाडीवर खालपर्यंत बायका उभ्या होत्या, खाली माना घालून, आणि सतराही घरांच्या कळशांवर हात होता.

वर राईत एक मोठं झाड कोसळलं. त्याचा आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही, असं सांगतात.

पावसापर्यंत राई संपली. तुळया ओढत नेणाऱ्यांत आवडीचा नवराही होता म्हणे. पुढच्या होळीला झरा आटला. विहीर तेव्हापासून फाल्गुनात तळ दाखवते. आवडी पुष्कळ जगली. दर दसऱ्यानंतर ती काठी बदलायची, दर वैशाखात वाफ्यापाशी बसून राहायची. फूल आलं नाही. पावसात पान आलं नाही. ती गाठ जिवंत आहे का, हे बघायला तिनं पुन्हा कधी माती उकरली नाही, आणि पाण्याचा विषय तिनं किंवा दुसऱ्या कुणी पुन्हा कधी काढला नाही.

आजही कोंडसरीत दसऱ्यानंतर मुक्या वाफ्यावरची काठी बदलतात. आवडीच्या वेळचा फणस केव्हाच पडला, नंतरचाही पडला. आता आहे तो तिसरा. म्हातारा फणस पडायच्या आधीच शेजारी नवा लावून ठेवतात, सावली मोडू देत नाहीत. वर सड्यावर कुसळाशिवाय काही उगवत नाही. विहिरीशेजारी आता नळ आहे आणि त्याला एक दिवसाआड पाणी येतं. नव्या नवरीला पहिल्या दिवशी पाण्याला नेतात तेव्हा वाफा आला की सासू तिचा हात धरून कळशीच्या तोंडावर ठेवते. का, ते सांगत नाही.

भिवाबुवा इथं थांबतात. परवा आलेल्या मुलींपैकी एक वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं मान वर केली.

"पण बुवा, दोन पावसाळे पान आलं नाही म्हणजे कंद मेलेलाच असतो. उकरून बघितलं तर लगेच कळेल."

"कळेल," बुवा म्हणाले.

"मग?"

"मग कळेल."

तेवढ्यात खालून एक बाई पाखाडी चढून आली, कमरेवर प्लास्टिकची निळी कळशी, तीही अर्धीच भरलेली. वाफ्यापाशी आल्यावर तिनं बोलता बोलता, बघितल्यासारखंही न करता, कळशीच्या तोंडावर हात ठेवला. मुलींनी तिला वाट दिली.

"मावशी," वहीवालीनं विचारलं, "अर्ध्या कळशीतून काय सांडणार आहे? हात कशाला ठेवलात?"

"ठेवतात सगळ्या," बाई म्हणाली आणि पुढं गेली. मग दोन पायऱ्या चढून थांबली, मागं वळली. हात अजून कळशीवरच होता.

"आमच्या घरातनं नव्हतं हो कुणी घातलं."